बाकाची कार्योत्तर मंजुरी

जिन्यात एक बाक बसवायला काय लागतं? एक फळी, दोन लोखंडी ब्रॅकेट, सहा स्क्रू आणि स्वतःचं ड्रिल असलेला सुतार. निदान माझी तरी अशीच समजूत होती. त्याला इंग्रजी शब्दकोश, सोळा सभासद आणि चौदा दिवसांची नोटीसही लागते, हे मला बाक बसवून झाल्यावर कळलं.

बाक हवा होता आईसाठी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टची जागा आहे, तिथे सगळे सायकली ठेवतात. आई एकोणऐंशी वर्षांची. उतरताना तिला काही होत नाही, पण चढताना दुसरा मजला ओलांडला की तिचे गुडघे संपावर जातात. चार महिन्यांपूर्वी ती अशीच दमून पायरीवर टेकली आणि पाच मिनिटांत तिच्या शेजारून नऊ माणसं गेली. नऊही जणांनी "काय झालं आजी?" म्हणून विचारलं. एकानं पाणी आणलं, एकीनं वर्तमानपत्रानं वारा घातला, आणि दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कंपाउंडरनं तिची नाडी धरून अशी काही मान हलवली की आईला स्वतःचीच काळजी वाटायला लागली. आईनं चाळीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं आहे, तेही उभं राहून. पायरीवर बसून वारा घालून घेणं तिला अजिबात मानवलं नाही. त्या दिवसापासून ती खाली उतरलीच नाही.

खाली न उतरणं म्हणजे नुसतं खाली न उतरणं नव्हे. तळमजल्यावर टेलरबाईंचं दुकान आहे. त्या आईच्या जुन्या विद्यार्थिनी. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा आई त्यांच्याकडे जाऊन बसायची आणि आलेल्या प्रत्येक कॉलरवर आपलं मत द्यायची. मत कोणी मागायचं नाही, पण त्यावाचून कॉलर पुढेही जायची नाही. आई यायची बंद झाल्यावर टेलरबाई शर्ट घेऊन वर येऊ लागल्या, पण त्यात ती मजा नव्हती. मग एक दिवस भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "मी ताईकडे राहायला जाते. तिचं घर बैठं आहे." माझी थोरली बहीण दुसऱ्या गावी असते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार असं ठरलं, माळ्यावरची बॅग खाली आली, भरली गेली आणि आईच्या पलंगाखाली जाऊन बसली.

आईनं जायला मला नको होतं. तिच्याशिवाय ते घर कसं वाटेल याचा विचार मी दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडून दिला. हे तिला सरळ सांगता आलं असतं, पण असलं काही सरळ सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. आम्ही त्याऐवजी बाक बसवतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सुतार आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, त्यानं भिंतीला पहिलं भोक पाडलं आणि त्या आवाजासरशी इमारतीतली सगळी तज्ज्ञ मंडळी बाहेर आली. माझा बेत दीड हात लांब फळीचा होता. कंपाउंडर म्हणाला, "पाठीला आधार हवा, नाहीतर बसून उपयोग काय?" टेलरबाई म्हणाल्या, "उठताना धरायला हात हवेत." पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "लांबी वाढवा साहेब, एकटं माणूस बसलं की आजारी वाटतं. दोघं बसले की गप्पा मारतायत असं वाटतं." हे मला पटलं. खरं म्हणजे मला सगळ्यांचंच पटत गेलं, तो माझा जुनाच दोष आहे. संध्याकाळपर्यंत तिथे पाठ, हात आणि छत्री अडकवायचा हूक असलेलं एक असं प्रकरण उभं राहिलं की सुतारानं स्वतः जाताना त्याचा फोटो काढला.

दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या शिक्षिकेचं नवं कपाट आलं. ते वळणावर आलं, बाकाच्या हाताला भिडलं, तिरकं झालं आणि अडकलं. वर जाईना, खाली येईना. दोन तास आमच्या इमारतीच्या दोन इमारती झाल्या होत्या. खालच्या इमारतीत ऑफिसातून परत आलेला मी, वरच्या इमारतीत माझा चहा. गाण्याच्या शिक्षिका कपाटाच्या वरच्या फटीतून मला म्हणाल्या, "हे तुम्ही कोणाला विचारून बसवलंत?" त्यांचा आवाज मुळातच तयारीचा. तो सगळ्या मजल्यांवर स्वच्छ ऐकू गेला.

आणि त्याच फटीतून, त्यांच्या खांद्यामागून, कलमकाकांचा चष्मा दिसला.

कलमकाका चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. चौतीस वर्षं एका कार्यालयात फायलींवर शेरे मारून ते निवृत्त झाले, शेरे मात्र निवृत्त झाले नाहीत. त्यांना साधं "बरं आहे का" विचारलं तरी ते कुठल्या कलमाखाली विचारताय ते आधी पाहतात, म्हणून त्यांचं हे नाव पडलं. ते शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, सामायिक जागेत बांधकाम करायचं तर आधी सभेची परवानगी लागते."

"पण आता तर करून झालं, काका."

"मग सभेकडून रॅटिफाय करून घ्या."

कपाटाचे दरवाजे काढून कपाट सुटलं, माणसं घरी गेली, आणि मी चहाच्या आधी शब्दकोश काढला. रॅटिफाय करणे: आपल्या वतीने आधीच केल्या गेलेल्या गोष्टीला मागाहून रीतसर मान्यता देणे. मराठीत कार्योत्तर मंजुरी. मी ते दोनदा वाचलं. आधी करायचं आणि मग मंजुरी घ्यायची, यासाठी एक स्वतंत्र, प्रतिष्ठित क्रियापद आहे हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळत होतं. माझं जवळजवळ सगळं आयुष्य या एका शब्दाच्या प्रतीक्षेत गेलं होतं. मी उत्साहानं बायकोला म्हणालो, "ऐकलंस का, मी तो निळा रंग दिला ना बाहेरच्या खोलीला, तुला न विचारता? तो तू रॅटिफाय करू शकतेस."

"करू शकते," ती म्हणाली. "करतेच असं नाही. नाकारताही येतं ना?"

शब्दकोशात पाहिलं तर येत होतं.

पुढे तो शब्द आमच्या घरात असा काही रुळला की विचारू नका. मुलीनं केस कापून आणले आणि रॅटिफिकेशनसाठी बायकोसमोर उभी राहिली. मी मित्राला परस्पर जेवायला बोलावलं, ते बायकोनं फेटाळलं. मित्र तोवर जेवून गेला होता, पण ठरावाच्या दृष्टीनं तो जेवला नाही असं तिचं म्हणणं होतं.

सभेची नोटीस लिहायला बसलो तेव्हा घोडं पहिल्यांदा अडलं. कलमकाका म्हणाले, "नोटिशीवर सही सेक्रेटरीची हवी. तुमची नेमणूक कुठल्या सभेत झाली?" झाली होती तीन वर्षांपूर्वी. मी खाली खुर्च्या आणायला गेलो होतो, परत आलो तर सेक्रेटरी झालो होतो. त्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी खुर्च्या आणत होता, त्यामुळे ते लिहिलंच गेलं नव्हतं. "म्हणजे तुम्हीच अजून रॅटिफाय व्हायचे आहात," काका म्हणाले. तीन वर्षं पाण्याच्या टाकीपासून कबुतरांपर्यंत सगळ्याच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते कल्पनेवर सोडतो. मग त्यांनी इतिवृत्ताचं जुनं रजिस्टर मागवलं आणि दोन दिवस वाचलं. त्यातून असं निघालं की आमच्या इमारतीत पाण्याची टाकी, फाटक, नावांची पाटी आणि खुद्द रजिस्टर यांपैकी कशालाच कधी मंजुरी मिळालेली नाही. पूर्ण रीतीनं मंजूर झालेली एकच गोष्ट होती, गच्चीच्या दाराचं कुलूप, आणि त्याची किल्ली हरवली होती.

"ते सगळं एका ठरावात घेता येईल," काका मला धीर देत म्हणाले. "पण बाकाचं तसं नाही. रॅटिफाय करणाऱ्याला सगळी वस्तुस्थिती माहीत असावी लागते. प्रत्येक सभासदानं बाकाची प्रत्यक्ष पाहणी करून नोंद केली पाहिजे." त्यांनी एक वही बाकाच्या हाताला दोरीनं बांधली, वर कागद चिकटवला: मंजुरीपर्यंत पाहणीव्यतिरिक्त वापर करू नये.

तो कागद आईनं वाचला नाही, तिला टेलरबाईंनी सांगितला. झालं. "मंजुरी नसलेल्या बाकावर मी बसणार नाही," आई म्हणाली. मी तिला परोपरीनं समजावलं. चाळीस वर्षं मुलींना आखल्याशिवाय कापू दिलं नाही, आता या वयात मीच नियम मोडू का, असं तिनं विचारलं आणि मी हात टेकले.

दरम्यान सुतार म्हणाला, "साहेब, बिजागऱ्या बसवून बाक मिटता केला तर कपाट काय, हत्ती जाईल." गाण्याच्या शिक्षिकाही तेवढ्यावर राजी होत्या, नाहीतर त्यांचं मत विरोधात पक्कं होतं. मी आनंदानं काकांकडे धावलो. काकांनी मान हलवली. "झालेली गोष्ट जशी झाली तशी पूर्ण स्वीकारायची किंवा पूर्ण नाकारायची. अर्धी रॅटिफाय होत नाही. आता बदल केलात तर ती नवी कृती होईल, आणि सभा नोटिशीतल्या बाकाची आहे."

मी रोज ऑफिसातून येताना ती वही वाचत असे. विमा एजंटांनी लिहिलं होतं, 'दोन जण आरामात. तिसरा असल्यास ओळखीचा असावा.' कंपाउंडरनं स्वतःची नाडी बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर नोंदवली होती. गाण्याच्या शिक्षिकांनी लिहिलं होतं, 'बाक चांगला आहे. जागा वाईट आहे.' आणि मग कलमकाका. तारीख, वेळ, मी कधीच न वाचलेला बारीक अक्षरातला तपशील आणि शेरा: 'पाहणी अपूर्ण. उद्या पुन्हा.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दहा दिवस झाले तरी या गृहस्थाची पाहणी पूर्ण होईना. पाठीला टेकून पाहायचं, हात धरून उठायचं, याला दहा दिवस? माझा संताप संताप होत होता. तिकडे पलंगाखालची बॅग होती तशीच होती आणि रविवार जवळ येत होता. एकदा मी आईला विचारलं, "नक्की जायचंच आहे का तुला?" ती म्हणाली, "सभेत काय ठरतंय बघू," आणि कूस वळवली.

सभा शेवटच्या रविवारी सकाळी दहाला टेलरबाईंच्या दुकानात भरली, कारण खुर्च्या आणायला मी स्पष्ट नकार दिला होता. ताई अकरापर्यंत पोचणार होती. सोळा सभासदांपैकी नऊ हजर असले की गणपूर्ती. मी मोजले, माझ्यासकट बरोबर नऊ. मी घसा खाकरला, इतक्यात कलमकाकांनी रजिस्टरमधून डोकं वर काढलं.

"सेक्रेटरीसाहेब, तुमचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"म्हणजे सभासद त्या. तुम्ही नाही."

नऊचे आठ झाले होते. तीन वर्षं जो सेक्रेटरी होता तो सेक्रेटरी नव्हताच, इतकंच काय, तो त्या सभेत बसलेला एक परका इसम होता. टेलरबाईंनी, आता बहुधा गिऱ्हाईक समजून, माझ्यापुढे स्टूल सरकवलं. मी बायकोकडे पाहिलं. ती उठली आणि वर गेली.

थोड्या वेळानं जिन्यात काठीचा आवाज यायला लागला. एक ठोका, मग दोन पावलं, मग पुन्हा ठोका. आवाज बाकाच्या वळणापाशी थांबेल असं वाटलं, पण तो थांबला नाही, सरळ खाली आला. चार महिन्यांनी आई दुकानाच्या दारात उभी राहिली, इस्त्रीची साडी नेसून. टेलरबाई झटकन उठल्या आणि म्हणाल्या, "या बाई, तुमची खुर्ची," आणि खरोखरच कोपऱ्यातली ती खुर्ची या चार महिन्यांत त्यांनी कोणाला दिलेली नव्हती. आई बसली. बसताना टांगलेल्या शर्टाकडे बघून म्हणाली, "ही कॉलर उसव."

"गणपूर्ती झाली," कलमकाका म्हणाले. "पहिला प्रश्न. वहिनी, हे गृहस्थ तीन वर्षं सेक्रेटरी म्हणून तुमच्या सभासदत्वावर काम करतायत. ते तुम्हाला मान्य आहे?"

आईनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक बघायची, अगदी तसं. "अक्षर सुधारायला हवं," ती म्हणाली. "बाकी मान्य आहे."

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या आईनं मला रॅटिफाय केलं. नऊ हात वर झाले आणि त्याच झपाट्यात टाकी, फाटक, पाटी, रजिस्टर हेही मंजूर झालं. उरला बाक.

"रॅटिफाय तीच गोष्ट होते जी संस्थेच्या वतीनं केलेली असते," काका म्हणाले. "बाक तुम्ही कोणासाठी बसवलात?"

इमारतीसाठी, असं म्हणायचं मी घरून पाठ करून आलो होतो. पण आई समोर बसली होती. "आईसाठी," मी म्हणालो. "ती जाऊ नये म्हणून."

आई शर्टाची कॉलर बघत राहिली. गाण्याच्या शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, "मग तो खासगी झाला ना हो," आणि त्यांनाच ते बरं वाटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, संपलं. पावणेअकरा वाजले होते.

"पाहणीची वही वाचा," आई म्हणाली. "वही कशाला ठेवलीत मग?"

टेलरबाई वही घेऊन आल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. विमा एजंटांची आई येऊन बसली होती. गाण्याच्या क्लासची मुलं आपली पाळी येईपर्यंत बसत होती, चारदा. कंपाउंडर आणि त्याची बायको रोज संध्याकाळी नाडी तपासायच्या निमित्तानं अर्धा अर्धा तास तपासत होते. आणि मग टेलरबाईंनी कलमकाकांच्या नोंदी वाचल्या. तारीख, सायंकाळी पाच चाळीस, दूध आणताना, चार मिनिटं, पाहणी अपूर्ण. पाच पंचेचाळीस, दूध आणताना, सहा मिनिटं, पाहणी अपूर्ण. पाच चाळीस, दूध व बटाटे, नऊ मिनिटं, पाहणी अपूर्ण, उद्या पुन्हा. अशा पंधरा नोंदी. दहाव्या नोंदीपर्यंत लोक हसत होते. पुढे हसायचे थांबले. चौथ्या मजल्यावर एकटा राहणारा बहात्तर वर्षांचा माणूस दुधाची पिशवी घेऊन रोज कसा चढतो, हे आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं. फक्त खोटी नोंद करायची सवय नसल्यामुळे ते वहीत आलं होतं. माझा तो सगळा संताप मला आठवला आणि मी स्टुलावर जरा आक्रसून बसलो.

काकांनी चष्मा पुसला. "नोंदींवरून," ते म्हणाले, आणि थांबले. "नोंदींवरून बाक संस्थेच्याच उपयोगाचा आहे असं दिसतं. मी मंजुरीची सूचना मांडतो."

"मिटता होईल का पण?" गाण्याच्या शिक्षिकांनी विचारलं.

"झालेल्या कामाला मागाहून मंजुरी. बिजागऱ्यांसाठी पुढच्या सभेत आधी परवानगी. दोन वेगळे ठराव." काकांना पुन्हा उभारी आली होती. "नोटीस मी लिहितो. यांचं अक्षर सुधारायचंय."

गाण्याच्या शिक्षिकांचा हात सगळ्यात आधी वर गेला.

ताईची गाडी आली तेव्हा आई जिना चढायला लागली होती आणि अख्खी सभा अदबीनं तिच्या मागे होती. वळणावर पोचल्यावर आईनं तो कागद काढून नीट घडी करून काकांच्या हातात दिला, काठी हुकाला अडकवली आणि बाकावर बसली. पाठ टेकली. कोणी काही विचारलं नाही, कोणी वारा घातला नाही. थोड्या वेळानं तिनं शेजारची जागा हातानं थोपटली आणि कलमकाकांना म्हणाली, "बसा भाऊ. वर अजून बरंच चढायचंय तुम्हाला."

ताई आमच्या शेजारून वर गेली आणि पलंगाखालची बॅग घेऊन खाली आली. एका बोटावर लटकवून. "आई, ही तर रिकामी आहे."

मी बायकोकडे पाहिलं. ती कठड्याचा रंग निरखत होती.

"रिकामीच आहे," आई म्हणाली. "ज्या दिवशी यानं भिंतीला भोक पाडलं ना, त्याच दिवशी कपडे परत कपाटात लावले मी."

"मग महिनाभर मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"ठरवलं तेव्हाच होतं," आई म्हणाली. "मंजुरी आज मिळाली." मग तिनं वही मागून घेतली, तारीख घातली, आणि सुबक अक्षरात लिहिलं: पाहणी अपूर्ण, उद्या पुन्हा.